गुडघ्याजवळ मांडीचं हाड मोडून प्लेट बसवली असेल तर घरी काय सांभाळायचं

लॉकिंग प्लेट (म्हणजे स्क्रू जिच्यातच आट्यांनी घट्ट अडकतात अशी धातूची पट्टी) हाड जुळवत नाही. हाड आपणहून जुळेपर्यंत तुकड्यांना जागेवर धरून ठेवणं, एवढंच तिचं काम. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. हाड न जुळता महिनोन्‌महिने भार पडत राहिला तर प्लेटही तशीच तुटते. म्हणून ‘आत स्टील आहे, बिनधास्त चाला’ असा धीर पेशंटला देऊ नका.

‘थोडा पाय टेकवा’ म्हणजे किती, हे सर्जनकडून किलोतच विचारून घ्या. मग घरचा वजनकाटा जमिनीवर ठेवा, वॉकर धरून त्यावर ऑपरेशनचा पाय टेका आणि सांगितलेल्या आकड्यावर काटा थांबवायचा सराव करा. दोन-तीन दिवसांत पायाला अंदाज येतो. वॉकरची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या रेषेशी यायला हवी.

सगळ्यात जास्त नुकसान गुडघ्याचं होतं. मांडीचा पुढचा स्नायू मोडलेल्या जागेवर चिकटतो आणि गुडघा आखडतो. सर्जननी परवानगी दिली की पलंगावर आडवं होऊन टाच हळूहळू कुल्ल्याकडे ओढायची: एका वेळी 10 वेळा, दिवसातून 3-4 वेळा. टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी ठेवली की ती गादीवर सहज सरकते. साधारण 6 आठवड्यांत काटकोनापर्यंत वाकणं हे चांगलं लक्ष्य. गुडघ्याखाली उशी मात्र नको. बरं वाटतं खरं, पण गुडघा वाकलेलाच राहतो आणि पुढे पूर्ण सरळ होत नाही. उशी टाचेखाली घ्या. हाडवैद्याकडून मालिश किंवा जोर लावून गुडघा वाकवून घेणं तर अजिबात नको. म्हातारपणाच्या ठिसूळ हाडात स्क्रू सैल होतात.

पुण्यात पेठेतल्या वाड्याचा उभा, अरुंद जिना किंवा लिफ्ट नसलेला तिसरा मजला असेल, तर सुरुवातीचे आठवडे खाली नातेवाइकांकडे राहता येतं का ते बघा. जिना चढावाच लागला तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. कमोड खुर्ची भाड्यानेही मिळते. उकिडवं बसणं सध्या बंद.

तंबाखू आणि मिश्री बंद करा. आजी ‘मी फक्त दात घासते’ म्हणाल्या तरी निकोटिन रक्तात जातंच, आणि हाड जुळायला उशीर होतो. साखरही ताब्यात हवी.

एक्स-रे साधारण 6 आणि 12 आठवड्यांनी काढतात. ‘प्लेट जागेवर आहे ना?’ एवढंच विचारू नका. समोरून आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेंत मोडलेल्या जागी हाडाच्या मिळून चार बाजू दिसतात; त्या चारपैकी किती बाजूंना नवं हाड दिसतंय ते विचारा. तीन बाजूंना दिसलं, तर सहसा हाड जुळलं असं धरतात.

जखमेतून पाणी किंवा पू येणं, ताप, पोटरी सुजून दुखणं, यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा. अचानक दम लागला तर थेट इमर्जन्सीत. आणि काही महिने नीट चालल्यावर पाय टेकला की मांडीत नव्याने दुखू लागलं, तर गोळी घेऊन ढकलू नका. त्याच आठवड्यात एक्स-रे काढा.