जुन्या जपानी वस्तू पारखताना : आधी वापराच्या खुणा, मग सही

नेत्सुके, म्हणजे कंबरेच्या दोरीला अडकवायचा छोटा कोरीव नग असो, निळीत रंगवलेले जाडेभरडे सुती कापड असो की लोखंडी पट्ट्यांनी मढवलेला तान्सू, म्हणजे खणांचे लाकडी कपाट, संग्राहकाच्या हाती येणाऱ्या बहुतेक जुन्या जपानी वस्तू वापरण्यासाठीच घडवलेल्या होत्या. दोरी, कंबरपट्टा, खांदे आणि हात यांनी त्या वर्षानुवर्षे झिजवल्या. ही झीज नेमकी कुठे पडायला हवी हे आधी मनाशी ठरवायचे आणि मग ती तिथेच आहे का ते पाहायचे, ही पारखीची सगळ्यांत भरवशाची रीत आहे. कारागिराची सही, डब्यावरचा मजकूर, विक्रेता सांगतो ती हकीकत हे सगळे त्यानंतर. नवख्यांचे पैसे बुडतात ते बहुधा हा क्रम उलटा झाल्यामुळे.

सोबत फार काही लागत नाही. दहा पट मोठे दाखवणारे भिंग, लहान पण प्रखर बॅटरी, ३६५ नॅनोमीटरची अतिनील बॅटरी, मोजपट्टी, जाड सुती दोरा आणि एक पांढरा रुमाल एवढे पुरते. जपानी कालखंडांची गणना मात्र पाठ हवी: एदो १६०३ ते १८६८, मेइजी १८६८ ते १९१२, ताइशो १९१२ ते १९२६, शोवा १९२६ ते १९८९. खणाच्या मागे शाईने ‘मेइजी २०’ लिहिलेले असेल तर २० मध्ये १८६७ मिळवा, १८८७ साल येते. ताइशोच्या आकड्यात १९११ आणि शोवाच्या आकड्यात १९२५ मिळवायचे.

नेत्सुके

तंबाखूची पिशवी किंवा औषधाची इन्रो डबी दोरीने ओबीला, म्हणजे किमोनोच्या कंबरपट्ट्याला, लटकवत. दोरी ओबीमागून वर काढायची आणि ती सुटून खाली जाऊ नये म्हणून वरच्या टोकाला ३ ते ५ सेंटिमीटरचे नेत्सुके अडकवायचे. या एका कामातून त्याचे सगळे गुण ठरतात. ते मुठीत घट्ट मावणारे हवे, कारण बाहेर आलेले टोक किमोनोच्या बाहीत अडकते. बारीक पायांवर उभा असलेला बगळा कितीही सुंदर कोरलेला असला तरी कंबरेवर चार दिवस टिकणार नाही. शिवाय ते खालूनही पूर्ण कोरलेले हवे, कारण मालक ते हातात फिरवून दाखवत असे.

दोरी ओवायच्या दोन भोकांना हिमोतोशी म्हणतात. बऱ्याच जुन्या नगांत एक भोक दुसऱ्यापेक्षा मोठे असते, कारण दोरीची गाठ मोठ्या भोकात दडवायची असते. भिंगाखाली भोकाची कड पाहा. दोरी घासून ती गोल, गुळगुळीत झालेली हवी. कड धारदार असेल, आतली भिंत पांढरी आणि कोरडी दिसत असेल, तर भोक अलीकडचे आहे. काही कारागीर वेगळी भोके न पाडता हात-पाय किंवा शेपटी यांमधल्या पोकळीतूनच दोरी ओवायची सोय ठेवत, त्यामुळे भोके दिसली नाहीत म्हणून लगेच नाकारू नका.

आता दोरा ओवून नग लटकवा. आकृती वाकडीतिकडी लोंबली किंवा तोंड आतल्या बाजूला गेले, तर ते बहुधा मूळचे ओकिमोनो, म्हणजे मांडून ठेवायचे शिल्प. मेइजी काळात परदेशी गिऱ्हाइकांसाठी अशी शिल्पे भरपूर झाली आणि त्यांतल्या काहींना मागाहून भोके पाडून नेत्सुके म्हणून खपवले गेले. वाईट वस्तू नव्हे ती, पण नेत्सुकेची किंमत तिला देऊ नका.

झीज सगळीकडे सारखी नसते. कापडाला टेकणारी पाठ आणि बोटांखाली येणारे उंचवटे झिजतात. कानामागची खाच, बोटांमधली फट तशीच तीक्ष्ण राहते. नकली नगात उलटे होते. चहाच्या पाण्यात किंवा रंगात बुडवल्यामुळे प्रत्येक खाचेत सारखाच काळसर मळ बसतो आणि उंचवटे मात्र नुकते घासल्यासारखे दिसतात.

पदार्थ ओळखण्यासाठी तळाकडचा आडवा छेद शोधा. हस्तिदंतात तिथे एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेषांची जाळी दिसते, तिला श्रेगर रेषा म्हणतात. सालीजवळच्या रेषांचा कोन हत्तीच्या दातात ११५ अंशांहून मोठा, तर मॅमथच्या दातात ९० अंशांहून लहान असतो. हाडात रक्तवाहिन्यांच्या जागी काळे ठिपके किंवा बारीक रेघा दिसतात. रेझिनमध्ये साच्याची शिवण किंवा हवेचे बुडबुडे सापडतात, आणि हुबेहूब तसाच दुसरा नग शेजारच्या टेबलावरही सापडू शकतो. अतिनील प्रकाशात हस्तिदंत निळसर पांढरा चमकतो, पण हाडही तसेच चमकते. म्हणून हा उजेड प्लास्टिक वेगळे काढण्यापुरताच वापरा. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला कुठे मिळाला तर तो पाळू नका. खऱ्या नगावर कायमचा डाग पडतो आणि हस्तिदंत की हाड हे तरीही कळत नाही.

सहीकडे सगळ्यांत शेवटी यायचे. ओसाकात १७८१ साली छापलेल्या ‘सोकेन किशो’ या ग्रंथात क्योतोच्या तोमोतादाच्या बैलांची नक्कल होत असल्याचे नमूद आहे. म्हणजे त्याची खोटी सही आता अडीचशे वर्षांची जुनीही असू शकते. शिष्य गुरूचे नाव कोरत तेही वेगळेच. यातून वाट काढायची तर सहीची झीज तिच्या आजूबाजूच्या पृष्ठभागाशी ताडून पाहा. भोवतालचे केस किंवा पिसे पुसट झाली असताना अक्षरे मात्र ताजी असतील, तर सही मागाहून आली आहे. ती खोल, हात न लागणाऱ्या जागी असेल तेव्हा हा निकष लागू पडत नाही, हे लक्षात असू द्या.

आमचा स्पष्ट सल्ला असा की सुरुवात लाकूड किंवा हरणाच्या शिंगापासून करा. इसे-यामादाच्या मासानाओ घराण्याचे त्सुगे (बॉक्सवुड) लाकडातले बेडूक आणि उंदीर, हिदा-ताकायामाचे यू झाडाच्या लाकडातले, सुरीच्या ठसठशीत कापांचे इत्तोबोरी काम, असाकुसाच्या ओझाकी कोकुसाईचे शिंगकाम यांचा दर्जा हस्तिदंताहून तसूभरही कमी नाही. आफ्रिकी हत्ती १९९० मध्ये सायटिस, म्हणजे धोक्यातल्या वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेला. हस्तिदंताची वस्तू जपानबाहेर न्यायची तर तिथल्या अर्थ, व्यापार व उद्योग मंत्रालयाची कागदपत्रे लागतात आणि पोहोचायच्या देशाचा कायदा वेगळा. ब्रिटनचा २०१८ चा कायदा जून २०२२ पासून अमलात आला आणि त्यात मोजक्याच सवलती आहेत. बेक्को, म्हणजे कासवाच्या पाठीच्या वस्तूंनाही सायटिसचे निर्बंध आहेत.

लाकडी बुद्धमूर्तींबाबत एकच सांगायचे. देवळांतून मूर्ती चोरीला जाण्याचे प्रकार जपानमध्ये घडलेले आहेत. मूर्ती आधी कुणाकडे होती हे कागदावर मिळत नसेल तर ती घेऊ नका. जुनी मूर्ती जपानबाहेर पाठवताना संरक्षित वारशात मोडत नसल्याचे सांस्कृतिक व्यवहार संस्थेचे प्रमाणपत्र जोडलेले बरे.

कापड

आधी पन्हा मोजा. किमोनोचे तान्मोनो कापड साधारण ३६ ते ३८ सेंटिमीटर रुंद आणि ११ ते १२ मीटर लांब असते; ग्रामीण सुती कापड त्याहूनही थोडे अरुंद. म्हणून जुन्या फुतोनच्या, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या गादीच्या, खोळीत चार-पाच पट्ट्या जोडलेल्या दिसतात. मीटरभर रुंदीचा सलग तुकडा जुने हातमागाचे कापड म्हणून कुणी दाखवला तर पुढे चला. मग धागा पाहा. हाताने कातलेला सुती धागा कुठे जाड, कुठे बारीक असतो. ओसाकाची मोठी सूतगिरणी १८८३ मध्ये सुरू झाली आणि त्यानंतर गिरणीचा एकसारखा धागा झपाट्याने पसरला.

रेशमी किमोनोत अस्तर आणि बाही बोलतात. लाल रेशमी अस्तर असेल तर किमोनो बहुधा दुसऱ्या महायुद्धाआधीचा. बाहीची उंची ४९ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर युद्धानंतरचा; ताइशो काळातल्या बाह्या ६० सेंटिमीटरच्या पुढे जातात.

बोरो, म्हणजे ठिगळांवर ठिगळे लावून टिकवलेले कापड, मात्र सावकाश पाहण्याची चीज आहे. उत्तरेकडच्या तोहोकूत थंडीमुळे कापूस पिकत नसे. ओसाकाकडून कितामाएबुने या व्यापारी जहाजांनी जुन्या कपड्यांच्या चिंध्या येत आणि शेतकरी घरांत त्या हेंपच्या, म्हणजे भांगेच्या झाडाच्या धाग्याच्या, कापडावर ठिगळांनी, धावदोऱ्याने गोधडीसारख्या शिवल्या जात. आज जगभर मागणी असल्याने नवे बोरो जुन्या चिंध्यांतून तयार होते. ते ओळखायची जागा म्हणजे ठिगळाखालचा भाग. सैल झालेली एखादी कड हलकेच उचला. खाली भोक किंवा विरलेले कापड असायला हवे, कारण उगाच कुणी ठिगळ लावत नसे. ठिगळाने झाकलेली नीळ गडद राहते आणि उघडी नीळ फिकी पडते; या दोहोंमध्ये ठिगळाच्या कडेने रेघ दिसते. वर-खाली सगळी एकाच छटेची असेल तर हे तुकडे अलीकडेच एकत्र आले आहेत. ठिगळे वेगवेगळ्या पिढ्यांत पडली असतील तर दोऱ्यांतही फरक दिसतो. नकली बोरोत एकाच रिळाचा दोरा शेवटपर्यंत धावतो.

आओमोरीच्या दोन भरतकामांत गल्लत होते. त्सुगारूच्या कोगिनमध्ये उभे धागे विषम संख्येने, एक, तीन, पाच असे मोजून टाका घेतात; नांबूच्या हिशिझाशीत सम संख्येने. भिंगाखाली मोजले की प्रश्न मिटतो.

काही दोष दुरुस्तीपलीकडचे असतात. लोखंडाच्या क्षारांनी रंगवलेले तपकिरी-काळे धागे आतून कुजतात. नक्षीतला तेवढाच भाग भुसा होऊन गळतो आणि बाकी कापड शाबूत राहते. वजन वाढवण्यासाठी धातूचे क्षार पाजलेले रेशीम घडीवर चिरते. कोपरा दोन बोटांत हलकेच दाबा; कोरड्या पानासारखी कुरकुर झाली तर तो नग पाहण्यापुरताच.

चिरिमेन, म्हणजे क्रेप रेशीम, पाण्यात घालू नका, त्याच्या आडव्या धाग्यांना तीव्र पीळ असल्याने ते एकदम आटते. निळीच्या सुती कापडावर आधी ओला पांढरा रुमाल दाबून रंग सुटतो का ते बघा, मगच थंड पाण्यात, विरंजक नसलेल्या सौम्य साबणाने धुवा. कसर लागल्याचा संशय असेल तर कापड हवाबंद पिशवीत घालून −१८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर बाष्प कापडावर बसते. ठेवताना आम्लरहित कागद गुंडाळलेल्या नळीवर सुरळी करा. कापूर आणि डांबराच्या गोळ्या एकाच पेटीत कधीही ठेवू नका. दोन्ही मिळून वितळतात आणि डाग जात नाही.

तान्सू

सगळे खण बाहेर काढून जमिनीवर मांडल्याशिवाय किमतीचे बोलणे सुरू करू नका. दर्शनी भाग बहुधा केयाकी या कठीण लाकडाचा, खण हलक्या किरी लाकडाचे, पाठ सुगी (जपानी देवदार) किंवा किरीची. पाठीमागच्या फळीवर गोल करवतीच्या कमानदार खुणा असतील तर ती फळी फार जुनी नाही. हाताने रंधलेल्या फळीवरून तिरपा उजेड टाकला की उथळ लाटा दिसतात.

लोंबत्या कडीच्या खाली खणाच्या फळीवर, कडी आपटून पडलेला अर्धगोल खळगा असतो. कडी जुनी भासते पण खळगा नाही, किंवा खळगा आहे पण कडीच्या मापाशी जुळत नाही, तर कडी बदललेली आहे. तसेच लोखंडाच्या भोवती पाहा. केयाकीतले टॅनिन, लोखंड आणि दमट हवा यांच्या संयोगाने खिळ्यांभोवती काळपट डाग पडतात. शंभर वर्षांच्या तान्सूत ते नसतील तर लाकूड तासले गेले आहे किंवा लोखंड नवे आहे. जुन्या पट्टीची सावली नव्या पट्टीबाहेर डोकावते का, तेही बघा. ठोकून घडवलेल्या पट्टीची जाडी कडेला कमी-जास्त असते. यंत्राने कापलेला पत्रा एकसारखा असतो आणि मेइजीच्या उत्तरार्धापासून तोच वाढत गेला.

एकावर एक ठेवायच्या दोन भागांच्या तान्सूत दोन वेगळ्या नगांची जोडी लावलेली असू शकते. दोन्ही भागांच्या पाठीच्या फळ्या, खणांचे सांधे आणि खिळे ताडून बघा. सेंदाई तान्सूचे प्रचलित माप साधारण १२० सेंटिमीटर रुंद, ९० उंच, ४५ खोल असे आहे. दाराची आणि जिन्याची मापे आधी घ्या. सादो बेटावरचे ओगी, तसेच साकाता आणि मिकुनी या बंदरांतल्या फुनादान्सू, म्हणजे कितामाएबुने जहाजांवरच्या तिजोऱ्या, सगळ्यांना हव्या असतात, म्हणूनच त्यांच्या नकला भरपूर आहेत. त्यांत आतल्या किरीच्या खणांची झीज पाहिल्याखेरीज निर्णय घेऊ नका.

घरी आणल्यावर हवेतली आर्द्रता ४५ ते ६० टक्क्यांत ठेवा. ती ४० च्या खाली गेली की केयाकीच्या फळ्या चिरतात आणि लाकडावरचा लॅकरचा लेप पापुद्र्यांनी सुटतो. लॅकरवर तेल, मेण किंवा सिलिकॉनचा फवारा नको, मऊ कोरडे कापड पुरे. लोखंडावर सँडपेपर चालवू नका. काळा थर गेला की गंज दुप्पट वेगाने येतो आणि वस्तूचे अर्धे मोल तिथेच संपते.

कुठे पाहावे

क्योतोत तो-जी देवळाचा बाजार दर महिन्याच्या २१ तारखेला आणि कितानो तेनमांगूचा २५ तारखेला भरतो. तोक्योत सेतागायाचा बोरोइची १५-१६ डिसेंबर आणि १५-१६ जानेवारीला असतो. सकाळी लवकर जा, रोख येन ठेवा. जपानमध्ये जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला प्रांताच्या सार्वजनिक सुरक्षा आयोगाचा कोबुत्सुशो परवाना लागतो. तो असलेल्या विक्रेत्याकडून पावती मागा आणि तिच्यावर वस्तूचा पदार्थ व अंदाजे काळ लिहून घ्या. प्रत्येक नगाला क्रमांक द्या, चारही बाजूंनी आणि तळातून फोटो काढा, झालेली दुरुस्ती तारखेसह नोंदवा. उद्या वस्तू विकायची किंवा सीमेपार न्यायची वेळ आली तर आधी हीच वही मागितली जाते.