दंतवैद्य लिहिताना या चुका टाळा

गेली २२ वर्षं मी मुद्रितं तपासतोय. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं आणि मधूनमधून दवाखान्यांच्या पाट्या. एवढ्या काळात दातांच्या डॉक्टरला मी इतक्या तऱ्हांनी छापलेलं पाहिलंय की एक बत्तिशी सहज भरेल. दंतवैध, दंतवैध्य, दंतवैदय, दंत वैद्य, दंत्यवैद्य, दंततज्ञ. त्यात २०२२ मध्ये मराठी पाट्यांचा कायदा कडक झाला, सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि फ्लेक्सवाल्यांकडे झुंबड उडाली. दुकानदारांचं बघून दवाखानेवालेही धावले. त्या धांदलीत लागलेल्या पाट्या अजून लटकताहेत. सकाळी फिरायला जातो त्या रस्त्यावर मला तशा तीन भेटतात.

द्य आहे. ध्य नाही, आणि ध तर नाहीच.

दंत अधिक वैद्य, एवढाच हा शब्द. वैद्य हा विद्येच्या घरातला. दोघांच्या मुळाशी ‘विद्’ म्हणजे जाणणे. म्हणून विद्येत जो द्य तोच वैद्यात. ‘वैध’ हा पूर्ण वेगळा गडी. तो ‘विधी’पासून आला, अर्थ कायद्याला धरून असलेला. त्याला ‘अ’ लावला की अवैध वाळूउपसा. तेव्हा ‘दंतवैध’ असं छापलंत तर तुम्ही डॉक्टरांबद्दल काही सांगत नाही, फार तर त्यांचे दात कायदेशीर आहेत एवढं जाहीर करता.

ही चूक येते कुठून, तेही मला आता पाठ झालंय. एक तर रोमन अक्षरांतून मराठी टंकणारी मंडळी. ‘वैद्य’ लिहिताना त्यांना ‘डी’नंतर ‘एच’ दाबायची हुक्की येते आणि समोर ‘वैध्य’ उमटतं. हीच मंडळी विध्यार्थी आणि उध्या लिहितात. दुसरा उगम फ्लेक्सच्या दुकानात. तिथल्या जुन्या फॉन्टमध्ये द्य हे अख्खं जोडाक्षर एका कळीवर असतं. तुम्ही व्हॉट्सॲपवरून युनिकोडमधला, म्हणजे मोबाइलवर नेहमी टंकतो तसा, मजकूर पाठवता, तो कोरल या फ्लेक्स जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की जोडाक्षरं फुटतात. मग तिथला मुलगा अंदाजाने पुन्हा टंकतो आणि ‘वैदय’ तयार होतं. वै-द-य, तीन सुटी अक्षरं. मालक लांबून बघतो, रंग झकास आलेला असतो, पैसे देऊन मोकळा होतो.

फोनवरून दुरुस्ती सांगायच्या भानगडीत पडू नका. “द ला य जोडा” असं मी एकदा सांगितलं, तर ‘दय’. “अहो, अर्धा द,” म्हटलं तर ‘दद्य’. तेव्हापासून मी वहीच्या पाठकोऱ्या पानावर जाड स्केचपेनने तळहाताएवढा ‘वैद्य’ काढतो, त्याचा फोटो पाठवतो आणि खाली लिहितो: विद्यार्थीतला द्य. विद्यार्थीच चुकीचं लिहिणारा भेटला तर दुकान बदलतो.

दात की दाता?

ही माझी दुखरी दाढ आहे, कारण हिच्यात मी स्वतः सापडलोय.

‘दात’ला प्रत्यय लागला की दाताला, दाताचा, अनेक असले की दातांना, दातांचा. ‘दाता’ म्हणजे देणारा. तो घोड्यासारखा चालतो: घोड्याचा तसा दात्याचा, घोड्यांना तसं दात्यांना. दोहोंत फरक एका ‘य’चा, पण त्या ‘य’ने सातारा जिल्ह्यातल्या एका गावात सकाळचे दोन तास खाल्ले.

यात्रेच्या आदल्या दिवशी तिथल्या तरुण मंडळाने एकाच मांडवात दोन शिबिरं ठेवली होती. ९ ते ११ दातांची तपासणी, ११ ते ४ रक्तदान. पत्रक जुळवणारा मुलगा हुशार. हुशारच घात करतात. वर मोठ्या अक्षरांत ‘रक्तदाते’ दिसतंय, खाली ‘दातांची’, म्हणजे काकांकडून सामान्यरूप चुकलं असं त्याला वाटलं. त्याने मला न विचारता ते ‘दात्यांची तपासणी’ केलं. व्याकरण अगदी शुद्ध, फक्त शब्द दुसराच. मुद्रित माझ्या मोबाइलवर आलं रात्री साडेदहाला. मी एका लग्नात जिलबीच्या पंगतीत. अंगठ्याने मोठं करून प्रमुख पाहुण्यांची नावं तेवढी तपासली, कारण भांडणं नावांवरून होतात, आणि ‘ओके’ लिहून टाकलं.

सकाळी ९ वाजता दातांच्या डॉक्टरीणबाई तोंडात घालायचा छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन बसलेल्या. समोर गावातली तरणी पोरं रांगेत. पहिला खुर्चीवर बसला, शर्टाची बाही खांद्यापर्यंत सरकवली, हात पुढे केला आणि सुई बघायला नको म्हणून मान फिरवून डोळे मिटून घेतले. बाई म्हणाल्या, “तोंड उघडा.” तो डोळे मिटूनच म्हणाला, “रक्ताला तोंड कशाला, मॅडम?” ज्यांचे खरोखर दात दुखत होते त्या म्हाताऱ्या घरीच बसलेल्या, दात्यांना बोलावलंय, आपण कुठलं काय देणार! बाईंनी मात्र त्या पोराला तसा सोडला नाही. त्याच्या दोन दाढा किडलेल्या निघाल्या. मंडळाच्या अध्यक्षांचा मला फोन आला, तो मी इथे उतरवू शकत नाही.

त्या दिवसापासून माझे दोन नियम. ‘दाता’ किंवा ‘दात्या’ दिसलं की समासात पेन्सिलीने लिहितो: देणारा की चावणारा? उत्तर मिळेपर्यंत पुढची ओळ वाचत नाही. आणि मुद्रित कागदावरच. मोबाइलवर ‘ओके’ म्हणणाऱ्याने दंड भरायची तयारी ठेवावी. मी त्या मंडळाचं पुढच्या वर्षीचं पत्रक फुकट करून दिलं.

दंत्य, दंतुर आणि भाषांतराची गोळी

नव्याने भाषांतर करायला आलेल्या मुलांना दम नसतो. इंग्रजी मजकूर यंत्रात टाकायचा, बाहेर पडेल ते चिकटवायचं. एकदा माझ्याकडे ‘मोफत दंत्य शिबिर’ आलं होतं. दंत्य हा शब्द आहे, पण तो ध्वनिशास्त्रातला: त, थ, द, ध, न हे दंत्य वर्ण, उच्चारताना जीभ दातांना टेकते म्हणून. दंत्य शिबिरात बाराखडीवाल्या मास्तरांनी जायचं. तसंच दंतुर. ते भूगोलाच्या पुस्तकात किनाऱ्याला म्हणतात, माणसाच्या दातांवर उपचार करायला त्याचा उपयोग नाही. तुम्हाला हवं असतं ते दंतचिकित्सा शिबिर, नाहीतर सरळ दाततपासणी. आणि दातांच्या डॉक्टरांच्या सदराला ‘दंतकथा’ हे नाव सुचलं असेल तर ते तुमच्याआधी सगळ्यांना सुचून गेलंय.

बाकीचे किडे

‘दंत वैद्य’ असं तोडू नका. मराठीत दंत एकटा हिंडत नाही. “माझा दंत दुखतोय” असं कोण म्हणतं? समास आहे, जोडून लिहा. ‘बाल दंतवैद्य’ हे तर आणखी घातक, वाचणाऱ्याला वाटतं डॉक्टरच आठ वर्षांचे आहेत. तिथे ‘लहान मुलांच्या दातांचे डॉक्टर’ लिहा. जागा जास्त लागते, लागू दे.

दाढेचं अनेकवचन दाढा. ‘दाढ्या’ न्हाव्याकडे. ‘अक्कलदाढ्या वेदनारहित काढून मिळतील’ असं पत्रक मी स्वतः पाहिलंय.

हिरडी तोंडात, हिरडा त्रिफळ्यात. ‘हिरड्यांची सूज’ लिहिताना गोंधळ होत नाही, पण एकवचनात ‘हिरडा सुजला’ लिहू नका.

तज्ञ नव्हे, तज्ज्ञ. दोन ज. डेंटिस्टमधली ‘टि’ ऱ्हस्व.

बाई असल्या तरी दंतवैद्यच: “त्या दंतवैद्य आहेत.” ‘दंतवैद्या’, ‘दंतवैद्यीण’ असले प्रयोग घरी करा.

कवळी बनवून देणारा कारागीर दंतवैद्य नसतो. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात त्याला डेंटल मेकॅनिक असं वेगळं नाव होतं, आणि नोंदणी नसलेल्याने स्वतःला डेंटिस्ट म्हणवून घेणं हा त्याच कायद्याने गुन्हा ठरवला. त्याआधी अनुभवावर दात काढणारे पुष्कळ होते. ज्यांचं पोट बरीच वर्षं त्यावरच चाललं होतं त्यांच्यासाठी कायद्याने नोंदवहीचा निराळा ‘ब’ भाग ठेवला होता. तेव्हा पाटी लिहून देताना मी नोंदणी क्रमांक मागतो. चिडतात काही जण. चिडू देत.

मग कुठे काय लिहायचं?

यावर माझं कुणाशी पटत नाही. शुद्ध मराठीचा आग्रह धरणारे मित्र ‘दंतशल्यचिकित्सक’ लिहा म्हणतात. तो शब्द सरकारी फाइलीत शोभतो. ज्याची दाढ ठणकतेय त्याला एवढा शब्द गाल धरून वाचायला लावू नये. ‘दंतवैद्य’ चांगला, सुटसुटीत, पाटीवर उठून दिसतो. पण खेड्यात एक अडचण आहे. नुसतं ‘वैद्य’ म्हटलं की आज लोकांच्या डोळ्यांसमोर आयुर्वेदवाले येतात, आमच्या मावशींनी बीडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीची पदवी, झालेल्या मुलीला विचारलं होतं, “काढा देशील का?” म्हणून पत्रकात, गावच्या फलकावर, शाळेच्या सूचनेत मी ‘दातांचे डॉक्टर’ लिहितो. ‘डेंटिस्ट’ लिहायलाही माझी हरकत नाही. तो इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि त्यातला ‘डेंट’ आपल्या दंताचा लांबचा भाऊच आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने सचिन तेंडुलकरला घेऊन मोहीम काढली तिचं नाव ‘स्वच्छ मुख अभियान’. त्यात दंतही नाही, वैद्यही नाही, आणि माणसाला कळतं.

लोक बोलतात ते मात्र ‘दाताच्या डॉक्टरकडे’. लिहिताना अनुस्वार द्या: दातांच्या डॉक्टरांकडे. दात बहुधा एकाहून जास्त असतात, आणि डॉक्टरांना मान द्यायचा असतो.

त्या तीन पाट्यांपैकी एक माझ्या घराजवळ आहे. ‘दंतवैध’, लाल अक्षरांत, चार फुटी. गेल्या महिन्यात रूट कॅनलला मी तिथेच गेलो होतो. खुर्चीत बसल्या बसल्या विषय काढणार, तेवढ्यात डॉक्टरांनी कापूस कोंबला. तिसऱ्या खेपेला तोंड मोकळं असताना बोललो. ते हसले, म्हणाले, “काका, तुम्ही पहिलेच. बाकी सगळे पाटी वाचतच नाहीत, दुखतं म्हणून येतात.” काम त्यांनी सुरेख केलंय. पाटी आहे तशीच आहे.