खानदेशच्या उन्हाधुळीत मोटारसायकलचे इंजिन कसे टिकवावे

मोटारसायकलबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेतले सर्व्हिसिंगचे वेळापत्रक सर्वसाधारण वापर गृहीत धरून केलेले असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना भुसावळहून यावलला जाणे, किंवा मागे खताची गोणी बांधून केळीबागेतल्या शिवाररस्त्याने पहिल्या गिअरवर गाडी काढणे, हा सर्वसाधारण वापर नव्हे. धुळीच्या भागात तपासणी अधिक लवकर करावी, अशी एक ओळ बहुतेक पुस्तिकांत असते आणि ती सहसा कोणी वाचत नाही. आपल्याकडे तीच मुख्य सूचना समजावी.

सुरुवात ऑइलपासून करावी. शंभर-सव्वाशे सीसीच्या एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनात जेमतेम एक लिटर ऑइल असते. तेवढेच ऑइल बेअरिंगला वंगण देते, पिस्टनची उष्णता वाहून नेते, क्लचच्या प्लेटा भिजवते आणि गिअरबॉक्सही सांभाळते. त्यामुळे २०० मिलिलिटर ऑइल जळून कमी झाले, तर पाचवा हिस्सा गेला असे होते; उरलेले ऑइल अधिक तापते आणि तापले की पातळ होते. पातळी दर आठवड्याला पाहावी. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावून इंजिन तीन-चार मिनिटे चालू ठेवावे, बंद करून तितकाच वेळ थांबावे आणि मगच पट्टी पुसून बुडवावी. काही गाड्यांत ही पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते, काहींत पूर्ण फिरवून. हे पुस्तिकेतून एकदा नक्की करून घ्यावे, कारण चुकीच्या रीतीने पाहिले तर पातळी चुकीचीच दिसते.

उन्हाळ्यात जाड ऑइल टाका, हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. १०डब्ल्यू-३० ग्रेड सांगितलेल्या इंजिनात त्याहून जाड २०डब्ल्यू-५० भरले, तर सकाळी गाडी सुरू करताना ते इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत (हेड) उशिरा पोहोचते, म्हणून कंपनीने सांगितलेली ग्रेड सोडू नये. त्याऐवजी ऑइल बदलण्याचे अंतर कमी करावे. डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए-२ हा शिक्का, म्हणजे मोटारसायकलच्या ऑइलचे जपानी मानक, असलाच पाहिजे. चारचाकीच्या कित्येक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, आणि मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असल्याने तो घसरू लागतो.

एअर फिल्टरबाबत एकच चूक वारंवार होते. फोमचा फिल्टर धुऊन, वाळवून, तेलाचा हात देऊन पुन्हा बसवता येतो. कारखान्यातूनच तेल लावून आलेला कागदी फिल्टर मात्र कॉम्प्रेसरची हवा मारून साफ करायचा नसतो, तो बदलायचाच असतो. हवेच्या झोतामुळे त्यातले तेल आणि कागदाचे तंतू विस्कटतात, फिल्टर वरून स्वच्छ दिसतो आणि बारीक धूळ सिलिंडरात जाऊन पिस्टनच्या रिंगा घासते.

आता टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या टोकाचा स्क्रू; तो आणि व्हॉल्व्ह यांच्यात बारीक फट ठेवलेली असते. टॅपेटचा आवाज आला की मालक अस्वस्थ होतो आणि मिस्त्री तो घट्ट करून आवाज घालवतो. खरा धोका या शांततेत आहे. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर वर्षानुवर्षे आपटत हळूहळू आत रुततो, त्यामुळे फट आपोआप कमी होत जाते आणि आवाजही कमी होतो. फट उरली नाही, तर गरम इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. बंद असताना बैठकीला टेकून उष्णता सोडण्याची त्याची संधी जाते आणि त्याची कड जळू लागते. गार असताना नीट सुरू होणारी गाडी गरम झाल्यावर किक मारूनही लवकर सुरू होत नसेल, तर कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी ही फट मोजावी.

मोजायची ती रात्रभर गार झालेल्या इंजिनात. प्लग काढावा, मॅग्नेटच्या झाकणावरची बुचे उघडावीत आणि फ्लायव्हीलवरची ‘टी’ची खूण समोर येईपर्यंत ते फिरवावे. दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर इंजिन चुकीच्या फेरीवर आहे, म्हणून आणखी एक पूर्ण फेरा द्यावा. पुस्तिकेत दिलेल्या जाडीची फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या साधनाची, पाती किंचित अडखळत सरकेल इतपत स्क्रू लावावा, नट आवळावा आणि पाती पुन्हा घालून पाहावी, कारण आवळताना स्क्रूही थोडा फिरतो. ही शेवटची पायरी घाईत वगळली जाते.

इंजिनाची रचना कोणती निवडावी, हा प्रश्न गाडी घेतानाच सोडवावा. बजाज प्लॅटिना १०० मध्ये बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४७ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वरून खाली जितके सरकतो ते अंतर, ५८.८ मिमी आहे. त्याच कंपनीच्या पल्सर एनएस २०० मध्ये बोअर ७२ मिमी आणि स्ट्रोक ४९ मिमी. लांब स्ट्रोकचे इंजिन कमी फेऱ्यांतच ओढ धरते, म्हणून शेतरस्त्यावर क्लच कमी वापरावा लागतो, परंतु प्रत्येक फेऱ्याला पिस्टनला अधिक अंतर कापावे लागत असल्याने ते फार फिरवता येत नाही. एनएस २०० सारखे आखूड स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला साडेनऊ हजार फेऱ्यांच्या आसपास आपली पूर्ण ताकद देते, आणि तेवढी उष्णता केवळ सिलिंडरवरच्या धातूच्या पंखांनी (फिन्स) बाहेर टाकणे कठीण असल्याने ते लिक्विड-कूल्ड, म्हणजे द्रवाने थंड होणारे, करावे लागते आणि त्याला रेडिएटर, पंप, पंखा आणि होस लागतात. हा प्रकार वाईट नाही. भर उन्हात सिलिंडरचे तापमान तोच अधिक स्थिर ठेवतो. पण बिघडू शकणाऱ्या वस्तू वाढतात, आणि गावातल्या मिस्त्रीकडे त्या नसतात. कूलंट (रेडिएटरमधला द्रव) कमी झाले म्हणून बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी ओतणारे पुष्कळ आहेत. त्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षारांचा थर धरतो. कूलंट हाताशी नसेल तर डिस्टिल्ड पाणीच वापरावे आणि गरम असताना झाकण उघडू नये. रोज वीस-पंचवीस किलोमीटर आणि वर ओझे, अशा वापराला माझ्या मते लांब स्ट्रोकचे एअर-कूल्ड इंजिनच योग्य. महामार्गाने धुळे-जळगाव नेहमी करणाऱ्याने लिक्विड-कूल्डचा विचार करावा.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नवे निकष आले आणि कार्ब्युरेटरची जागा बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शनने घेतली. त्यामुळे प्लग काळा पडण्याची कटकट कमी झाली, पण पंप आणि इंजेक्टर विजेवर चालत असल्याने बॅटरी पूर्ण उतरली की ढकलूनही गाडी सुरू होण्याची खात्री नसते.

चेनला पावसाळ्यात दर आठवड्याला केरोसीनने पुसून ९० नंबरचे गिअर ऑइल द्यावे. लहान गाड्यांत ढील साधारण २० ते ३० मिमी असते. मागे ओझे ठेवले की ती कमी होते, म्हणून ताठ बसवू नये.

कन्नड घाट चढून गेल्यावर तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये. सावलीत थांबणे पुरते. उतरताना इंजिन बंद करून पेट्रोल वाचवण्याचा मोहही टाळावा, कारण इंजिन चालू आणि गाडी गिअरमध्ये असली की ड्रम ब्रेकवरचा भार हलका होतो.

जुनी गाडी घेताना ती आधी गरम करून ठेवलेली असू नये, हे विक्रेत्याला सांगून ठेवावे. गार इंजिन सुरू होताच क्षणभर निळा धूर येऊन थांबला, तर व्हॉल्व्हचे सील गेलेले असण्याची शक्यता अधिक, आणि ते काम तुलनेने स्वस्तात होते. गाडी गरम झाल्यावर रेस देताना निळा धूर येतच राहिला, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलेले असतात. तेव्हा रिबोअरचा, म्हणजे झिजलेला सिलिंडर कापून नवा पिस्टन बसवण्याचा, खर्च किमतीतून वजा करूनच भाव बोलावा.