इलेक्ट्रिक गिटारला रॅक प्रोसेसर : कोणता घ्यावा, कुठे जोडावा

रॅक म्हणजे गिटारच्या आवाजाला इफेक्ट देणारं, लोखंडी चौकटीत बसवायचं चपटं यंत्र. तो घ्यायचा म्हटलं की लोक आधी कंपनी आणि मॉडेल विचारतात. त्याआधी एक बघा : तुमची गिटार शेवटी कशात लागते? सांगली, मिरज, तासगाव भागात जत्रेच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याला स्टेजवर गिटारचा ॲम्प मिळेलच असं नाही. साउंडवाला एक वायर हातात देतो, ती सरळ मिक्सरला गेलेली असते. स्वतःचा ॲम्प घेऊन फिरणाऱ्याचं गणित निराळं.

ॲम्प असेल तर त्याच्या मागे ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ असे दोन जॅक आहेत का ते पाहा. हाच इफेक्ट लूप : ॲम्पमधला आवाज बाहेरच्या यंत्रातून फिरवून परत आणायची वाट. तो असेल तर डिले (पडसाद), रिव्हर्ब (घुमारा), कोरस (एका गिटारच्या अनेक वाटाव्यात असा आवाज) देणारा साधा मल्टिइफेक्ट पुरतो. जुन्यांत यामाहाचा १९८५ सालचा एसपीएक्स९० किंवा अलेसिसचा क्वाड्राव्हर्ब, नंतरच्यांत टीसी इलेक्ट्रॉनिकचा जी-मेजर. ॲम्प नसेल तर यातलं एकही यंत्र एकटं कामाचं नाही. तुम्हाला प्रीॲम्प (गिटारचा बारीक सिग्नल वाढवून सूर घडवणारा भाग) आणि स्पीकर सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकरची नक्कल करणारी सोय), दोन्ही लागेल. गिटारच्या स्पीकरमधून साधारण पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर येत नाही, पीएच्या (स्टेजच्या साउंड सिस्टिमच्या) हॉर्नमधून मात्र सगळं येतं. सिम्युलेशन नसलेलं डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाडलेला आवाज, तिथे सोडलं की नुसती खरखर ऐकू येते आणि दोष साउंडवाल्याला जातो.

सेकंडहँड घेताना यंत्र उलटं करून मागची पट्टी वाचा. जपानच्या बाजारातला माल १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला ११७ किंवा १२० चा. तो आपल्या २३० व्होल्टवर लावला की खेळ खलास. पट्टीवर जो आकडा आहे, त्याच आकड्याचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. मग एक प्रीसेट (साठवलेली सेटिंग) बदलून सेव्ह करा, यंत्र बंद करून चालू करा. बदल पुसला गेला असेल तर आतली मेमरीची बॅटरी संपली आहे. हा किरकोळ खर्च आहे, पण भाव पाडायला उपयोगी. पडद्यावरची अक्षरं पुसट असतील, नॉब फिरवताना आकडे उड्या मारत असतील तर जपून. मिरजेत तंबोऱ्याला जवारी लावून देणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, डिजिटल रॅकचा बोर्ड दुरुस्त करणारा मात्र शोधत फिरावं लागतं.

आता जोडणी. वाह, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह ही पेडलची मंडळी ॲम्पच्या आधी. कोरस, डिले, रिव्हर्ब प्रीॲम्पनंतर, म्हणजे लूपमध्ये. गिटार पेडलमधून ॲम्पच्या इनपुटला, ॲम्पचा सेंड रॅकच्या इनपुटला, रॅकचा आउटपुट ॲम्पच्या रिटर्नला. डिले डिस्टॉर्शनच्या आधी लावला तर प्रत्येक पडसादही डिस्टॉर्ट होतो आणि सगळा चिखल होतो. कुणाला तोच आवाज हवा असतो, पण लग्नाच्या ऑर्केस्ट्रात नाही.

ॲम्प नसलेल्यांची साखळी अशी : गिटार, पेडल, प्रीॲम्प, रॅक, स्पीकर सिम्युलेशन, मग डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरच्या लांब वायरीजोगा करणारा डबा) आणि मिक्सर. गिटार थेट स्टुडिओ रॅकच्या लाइन इनपुटला (मिक्सरसारख्या यंत्रांच्या जोरदार सिग्नलसाठीच्या इनपुटला) लावू नका. गिटारच्या पिकअपला साधारण एक मेगाओहमचा इनपुट हवा असतो. लाइन इनपुट दहा-वीस किलोओहमचा असला की वरचे सूर गिळले जातात आणि गिटारवर घोंगडी टाकल्यासारखा आवाज येतो.

सगळ्यात जास्त वेळ द्या लेव्हलला. अनेक रॅकच्या मागे +४ आणि −२० डीबीचा स्विच असतो. सेंडमधून आवाज बारीक येत असेल तर −२० वर, प्रोफेशनल लाइन लेव्हल असेल तर +४ वर. मग गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि कार्यक्रमात वाजवाल तितक्याच जोराने कॉर्ड मारा. इनपुट वाढवत न्या. लाल दिवा एखाद्याच फटक्याला लुकलुकला की थोडं मागे या. इनपुट फार कमी ठेवून आउटपुटने भरपाई केली तर सूं आवाज वाढतो. शेवटी बायपास दाबून पाहा : इफेक्ट चालू-बंद करताना गिटारचा जोर बदलला नाही, म्हणजे जमलं.

लूप सिरीज आहे की पॅरलल हेही विचारा. सिरीजमध्ये अख्खी गिटार रॅकमधून जाते. तिथे मिक्स (इफेक्टचं प्रमाण) शंभर टक्के केलं तर मूळ गिटार नाहीशी होऊन फक्त इफेक्ट उरतो. पॅरललमध्ये मूळ आवाज ॲम्पमधूनच जातो, म्हणून रॅकचं मिक्स शंभर टक्केच हवं. नाहीतर यंत्रातून किंचित उशिरा आलेला कोरडा (इफेक्टविना) आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि गिटार पोकळ वाटते.

डिलेचा वेळ कानाने शोधत बसू नका : ६०,००० भागिले बीपीएम (मिनिटाला ठोके). १२० च्या लयीत एका ठोक्याला ५०० मिलिसेकंद, ठोक्याच्या पाऊण भागाला ३७५. रिव्हर्ब जागा बघून. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरासारख्या बंद सभागृहात भिंतीच पुरेसा घुमारा देतात, तिथे तो निम्म्यावर आणा.

स्पीकरमधून हम (सततची घूं) आला तर प्लगची अर्थिंगची पिन कधीही तोडू नका. जनरेटरवर चालणाऱ्या स्टेजवर हा जिवाशी खेळ आहे. सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून घ्या, डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्ट (ऑडिओ केबलमधली अर्थची जोडणी तोडणारं बटण) दाबा, तरीही राहिला तर ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

पायाने प्रीसेट बदलायला मिडी फुटस्विच (रॅकला प्रीसेटचा नंबर कळवणारा) लागतो, पाच पिनांच्या केबलने. एक लक्षात ठेवा : काही यंत्रं प्रोग्राम ० पासून मोजतात, काही १ पासून. फुटस्विचवर ५ दाबून रॅकवर ६ आला तर बिघाड शोधू नका, प्रीसेट एकाने सरकवा.