चष्मा आहे आणि स्कुबा करायचंय? मग निघायच्या आधी एवढं बघून घ्या

मालवण-तारकर्लीचं नाहीतर अंदमानचं बुकिंग झालं की चष्मेवाल्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, चष्म्याचं काय करायचं? तर चष्म्यावर मास्क लावता येत नाही, काड्या मास्कच्या सिलिकॉनच्या कडेखालून बाहेर येतात आणि तिथूनच पाणी आत येतं. पोहायचा नंबरवाला गॉगल पण चालत नाही, कारण त्यात नाक बाहेर राहतं, आणि खाली जाताना नाकाने थोडी थोडी हवा मास्कमध्ये सोडावी लागते, नाहीतर मास्क चेहऱ्याला चिकटून डोळे ओढले जातात आणि पांढऱ्या भागात रक्त उतरतं. म्हणजे नंबरच्या काचांचा मास्क, सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स, नाहीतर नंबर अगदी कमी असेल तर काहीच नको, हेच काय ते पर्याय.

सगळ्यात आधी नंबर पुन्हा तपासून घ्या, दोन वर्षांपूर्वीच्या कागदावर काचा मागवू नका. मायनस नंबर जास्त असेल तर त्याच फेरीत बाहुली मोठी करून पडदाही तपासून घ्या, जास्त नंबरवाल्यांनी तो तसाही बघत राहायला हवा. लांबचा नंबर एक-दीडपर्यंत असेल आणि तुम्ही फक्त एकदा अनुभव म्हणून खाली जाणार असाल तर मला वाटतं काही खर्च करू नका, पाण्यात वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठ्या आणि एक चतुर्थांशाने जवळ दिसतात, आणि अशा डाइव्हला इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरूनच असतो, मासे-प्रवाळ मजेत दिसतात. कोर्स करणार असाल तर मात्र नीट सोय कराच, कारण तिथे इन्स्ट्रक्टरच्या हाताच्या खुणा आणि हवेच्या गेजचा काटा तुम्हाला स्वतःला वाचता आला पाहिजे.

मास्क घेताना आधी फिटिंग बघा, नंबर नंतर. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, कडेखाली केस अडकलेले नाहीत ना बघा, नाकाने हलकासा श्वास आत ओढा आणि हात सोडा, मास्क तसाच चिकटून राहिला तर बसतोय, घसरला तर कितीही भारी असो घेऊ नका. मिशी असेल तर नाकाखालची पट्टी कमी करून जा, तिथून हमखास पाणी झिरपतं. मग बघायचं की मास्क दोन वेगळ्या काचांचा आहे का, कारण रेडिमेड नंबरच्या काचा त्याच्यातच बदलून बसवता येतात आणि त्यातही तुमच्याच मॉडेलच्या लागतात. या काचा साधारण अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने मिळतात आणि त्यांच्यात सिलिंडर (हवेची टाकी नव्हे, चष्म्याच्या कागदावरचा CYL म्हणजे तिरका नंबर) नसतो, म्हणून सिलिंडरचा अर्धा भाग मुख्य नंबरात मिळवतात, म्हणजे समजा -३.५० आणि सिलिंडर -१.०० असेल तर -४.०० ची काच. मधलाच आकडा आला तर मायनसवाल्यांनी कमी बाजूची घ्यावी, पाणी थोडी मदत करतंच, पण हा हिशोब स्वतः न करता कागद दाखवून ऑप्टिशियनकडून करून घ्या. सिलिंडर मोठा असेल तर या काचांनी समाधान होत नाही, मग मास्कला आतून खास बनवलेली काच चिकटवून घ्यावी लागते, तिला वेळ आणि पैसे दोन्ही जास्त लागतात. पावसाळ्यात कोकणातलं डायव्हिंग बंदच असतं, तेव्हाच हे काम उरकून टाका.

कॉन्टॅक्ट लेन्स लावायच्या तर सॉफ्टच, आणि शक्यतो रोज फेकायच्या. हार्ड लेन्स नको, वर येताना तिच्यात आणि बुबुळात हवेचे बुडबुडे अडकतात, डोळा दुखतो आणि धूसर दिसतं. ज्यांना केराटोकोनसमुळे (बुबुळ पातळ होऊन पुढे येण्याचा आजार) हार्ड लेन्सच लागते त्यांनी आधी डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलावं. आणि इन्स्ट्रक्टरला लेन्स आहे हे खाली उतरायच्या आधी सांगा, अगदी आवर्जून, कारण कोर्समध्ये पाण्यात मास्क काढून परत लावायचा असतो आणि तेव्हा तुम्ही डोळे मिटून ठेवणार हे त्याला माहीत हवं.

चाळिशीनंतर जवळचं दिसत नसेल तर लांबचं कितीही स्वच्छ दिसो, गेज आणि मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरचे (खोली-वेळ दाखवणारं यंत्र) आकडे पुसट होतात. मास्कच्या आतून खालच्या बाजूला चिकटवायच्या छोट्या वाचायच्या लेन्स मिळतात, त्या घ्या.

डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर ते लपवू नका, डायव्हिंगच्या आधी भरायच्या मेडिकल फॉर्मवर गेल्या ३ महिन्यांतल्या ऑपरेशनचा प्रश्न असतोच. लॅसिकनंतर (नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन) साधारण किमान महिनाभर थांबायला सांगतात. पडद्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅस भरला असेल तर तो पूर्ण जिरेपर्यंत पाण्याखाली जायचं नाही आणि विमानातही बसायचं नाही, हे खरंच गंभीर आहे, नजर जाऊ शकते. काचबिंदू असेल तरी डॉक्टरांना विचारूनच.

बॅगेत चष्म्याचा कडक डबा, एक जादा चष्मा आणि लेन्सच्या दोन-तीन जास्तीच्या जोड्या ठेवा, बोटीवर चष्मा डब्यात घालून कुणाच्या तरी हातात द्या, बाकावर ठेवू नका, टाक्या सरकवताना तिथेच चेपतो. नवीन मास्क घरीच दोन-तीनदा साध्या टूथपेस्टने आतून चोळून धुवा म्हणजे वाफ कमी धरेल, पण चिकटवलेल्या किंवा कोटिंगच्या काचेला पेस्ट लावू नका, तिथे बेबी शाम्पूचा थेंब पुरे.

वर आल्यावर हात गोड्या पाण्याने धुऊन पुसा, लेन्स काढा आणि फेकून द्या, परत डबीत नको, पाण्यातला अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव लेन्सखाली राहिला तर बुबुळाला जखम करतो. डोळा लाल होऊन दुखायला लागला, उजेड सहन होईना, तर मेडिकलमधून थेंब आणून घालत बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि लेन्स लावून समुद्रात उतरलो होतो हे सांगा.