किनारी कोकणात एकट्याने सायकल दौरा: या चुका टाळा

मुंबईहून सायकलने गोव्याला निघणारे बरेच जण आता महामार्ग सोडून किनाऱ्याचा रस्ता धरतात, आणि फार चांगलं करतात. अलिबागजवळच्या रेवसपासून गोव्याच्या सीमेजवळच्या रेडीपर्यंतचा हा रस्ता भारतातल्या सुंदर सायकल रस्त्यांपैकी एक आहे असं मला मनापासून वाटतं. पण दौरा अर्ध्यावर सोडून चिपळूण किंवा रत्नागिरीला रेल्वेत बसलेलेही मला भेटलेत. त्यांच्या पायांत ताकद होती, दिवसाचा हिशेब चुकला होता.

किलोमीटर नव्हे, खाड्या मोजा

देशावर रोज १२० किलोमीटर होतात, म्हणून इथेही तेवढेच धरायचे, ही सगळ्यात मोठी चूक. किनाऱ्याचा रस्ता सपाट नाही. तो सड्यावरून, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरून, खाडीत उतरतो, पाणी ओलांडतो आणि लगेच पुढच्या सड्यावर चढतो. एकेक चढ शंभर-दीडशे मीटरचाच असतो, पण दिवसभरात अशा आठ-दहा चढण्या झाल्या की बेरीज एखाद्या मोठ्या घाटाच्या वर जाते. सड्यावर सावली नाही, जांभा तापलेला आणि दुपारनंतर समुद्राकडून वारा. सामानासकट ६० ते ७० किलोमीटर आणि फेरीबोटीच्या जास्तीत जास्त दोन खाड्या, एवढाच मी दिवस धरतो. त्याहून जास्त होतं, नाही असं नाही, पण मग बघण्यासारखं सगळं मागे पळतं.

आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या चार ठिकाणी सायकल फेरीबोटीत चढवावी लागते. स्थानिक लोक हिला जंगलजेटी म्हणतात. शेवटची फेरी चुकली तर दाभोळहून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायला चिपळूणवरून शंभरेक किलोमीटरचा वळसा पडतो. तेव्हा वेळा आदल्या दिवशीच गावात विचारून घ्या. नेटवर मिळालेलं जुनं वेळापत्रक धरून निघू नका.

भरती-ओहोटीचा अंदाज घ्यायला कोकणातला जुना हिशेब आजही उपयोगी पडतो. तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. जेटीचा, म्हणजे बोट लागते त्या धक्क्याचा, उतार ओहोटीला उघडा पडतो आणि त्यावर हिरवं शेवाळ असतं. तिथे सायकलवरून उतरा आणि हातात धरून चाला. माझा पहिला जखमी गुडघा रस्त्यावरचा नव्हे, अशाच एका उतारावरचा आहे.

नकाशाने दाखवलेली प्रत्येक रेष रस्ता नसते

गुहागर तालुक्यात मोबाइलच्या नकाशाने मला तीन किलोमीटर वाचवणारी वाट दाखवली. दोनशे मीटर गेल्यावर डांबर संपलं आणि पुढे जांभ्या दगडाच्या पायऱ्या सुरू झाल्या. दोन्ही बाजूंना पोफळी, पायऱ्या ओल्या, आणि माझ्या सायकलला मागे चौदा किलो सामान. वरून हंडा घेऊन येणाऱ्या एक आजी थांबल्या. "अहो, ही पाखाडी आहे. पुढे पऱ्या लागेल. गाडीरस्ता वरनं, सड्यावरनं." पाखाडी म्हणजे पायऱ्यांची पायवाट आणि पऱ्या म्हणजे ओढा. मी परत फिरलो. पुढे गेलो असतो तर आधी सामान, मग सायकल अशा दोन खेपा कराव्या लागल्या असत्या, तेही घसरत.

म्हणून नकाशावर चालण्याचा पर्याय आणि गाडीचा पर्याय दोन्ही ताडून बघा, आणि फाट्यावर कोणी भेटलं तर विचारा. "रस्ता आहे का?" असं विचारलं तर "आहे" असंच उत्तर येईल. "एसटी जाते का?" असं विचारा.

उतारावर ब्रेक धरून ठेवू नका

खाडीकडे उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम किंवा डिस्क तापते, ब्रेकचा जोर कमी होतो आणि नेमका शेवटच्या वळणावर दगा बसतो. पुढचा-मागचा आलटून पालटून, थोडा वेळ जोरात दाबा आणि सोडा. वेग वळणाच्या आधीच कमी करा, कारण वळणावर बारीक खडी किंवा जांभ्याची रेती पसरलेली असते आणि तिथे ब्रेक दाबला की चाक सरकतं. एकेरी रस्त्यावर समोरून एसटी दिसली तर बाजूला होऊन पाय टेका.

पंक्चर पुन्हा पुन्हा होतंय?

काटा टायरमध्येच राहिलेला असतो, नव्वद टक्के वेळा हेच. ट्यूब बाहेर काढल्यावर टायरच्या आतून बोटांनी सावकाश चाचपा आणि भोक जिथे सापडलं त्या जागेशी टायर जुळवून बघा. शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली गेली. भोक ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे.

दुसरी अडचण व्हॉल्व्हची. गावातल्या पंक्चरवाल्याकडे मोटरसायकलचा जाड व्हॉल्व्ह भरायची नळी असते. तुमचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा असेल तर नळी बसतच नाही. छोटा पितळी अडॅप्टर हवाच, तो दोन घ्या, हरवतो. कॉम्प्रेसरने हवा भरायची तर हाताने चाचपत, थोडी थोडी.

मागच्या चाकातली स्पोक तुटली तर घाबरू नका. तुटलेली शेजारच्या स्पोकला गुंडाळा, चाक आऊट, म्हणजे वाकडं, होऊन ब्रेकला घासत असेल तर ब्रेक थोडा सैल करा, सामान पुढे हलवा आणि सावकाश पुढच्या मोठ्या गावापर्यंत जा. जास्तीच्या दोन-तीन स्पोक फ्रेमला टेपने चिकटवून ठेवल्या तर मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो. कॅरिअरचे बोल्ट रोज सकाळी पान्याने तपासा.

गुडघा आणि पाणी

गुडघा पुढून दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. पाच मिलिमीटरचाच फरक करा आणि तासभर चालवून बघा. चढावर जड गिअर रेटू नका.

दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळत नाही. नुसतं पाणी पीत राहिलं की डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, किंवा मीठ घातलेलं कोकम सरबत. दुपारी दोन ते चार बऱ्याच गावांत दुकानं बंद असतात, तेव्हा बाटल्या त्याआधी भरा.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, फोटोसाठी सायकल चालवायचा मोह होतो. वाळू आणि खारं पाणी साखळीत, बेअरिंगमध्ये शिरतं आणि दोनच दिवसांत करकर सुरू होते. चालवलीच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, पुसा, तेल द्या. पाण्याचा जोराचा फवारा मारू नका.

घरच्यांना अंदाजे सांगून निघू नका

सड्यांवर आणि खाडीच्या तळाशी रेंज जाते. "संध्याकाळी फोन करतो" एवढ्यावर घरचे रात्री नऊपर्यंत जीव मुठीत धरून बसतात, आणि खरंच काही झालं तर शोधायचं कुठे ते त्यांना कळत नाही. मी दिवसाच्या खाड्या आदल्या रात्री बायकोला लिहून पाठवतो, आणि प्रत्येक जेटीवर उतरलो की एक ओळ: धोपाव्याला उतरलो, पुढे गुहागर.