दुकानाचं वीजबिल फुगतंय? बेळगावकरांनो, या चुका टाळा

गणपत गल्लीतलं कापडाचं दुकान असो, टिळकवाडीतली सोसायटी असो की निपाणीतलं मंगल कार्यालय, वीजबिल वाढलं की आधी नव्या खरेदीचा विचार होतो. फाइव्ह स्टार एसी घेऊ, गच्चीवर सोलर बसवू. वीज नेमकी कुठं जाते हे मात्र कुणी बघत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आहे.

हेस्कॉमचं, म्हणजे आपल्या वीज कंपनीचं, बिल कन्नडमध्ये येतं, म्हणून आपल्यातले बरेच जण फक्त शेवटची रक्कम वाचतात. कन्नड वाचणारं कुणीतरी दुकानात असतंच. त्यांच्याकडून एकदा ओळ न् ओळ समजून घ्या. मंजूर भार (जोडणीसाठी मंजूर झालेले किलोवॅट) गरजेपेक्षा जास्त असेल, तर शटर बंद असलं तरी त्याचा स्थिर आकार (दरमहा ठरलेली रक्कम) भरावाच लागतो.

मग एक साधी तपासणी करा. रात्री दुकान बंद करताना मीटरचं रीडिंग लिहा, सकाळी उघडताना पुन्हा लिहा. मधला फरक म्हणजे कुणी नसताना खर्च झालेली वीज. फ्रीज, सीसीटीव्ही चालणारच, पण त्यांच्या हिशेबापेक्षा आकडा मोठा असेल तर वीजपेटीतला एकेक एमसीबी (सर्किटचा स्विच) बंद करून मीटरवरच्या लाल दिव्याची लुकलुक बघा. ती जिथं एकदम मंदावते, तिथं चोर सापडला. बहुतेकदा वॉटर कूलर, गीझर, पाटीवरचे दिवे किंवा इन्व्हर्टरची जुनी बॅटरी निघते. नुसते 100 वॅट रोज रात्री 12 तास चालले, तरी महिन्याला 36 युनिट होतात.

एसीच्या बाबतीत घाई फार होते. बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यातही संध्याकाळी वारा सुटतो. तरीही पश्चिमेला अख्खी काच लावायची, दार उघडं ठेवायचं आणि एसी 18 वर चालवायचा, असं ठिकठिकाणी दिसतं. काचेच्या आतला पडदा फारसा उपयोगाचा नाही, कारण ऊन तोवर आत आलेलं असतं. सावली बाहेरून हवी: छज्जा, ताडपत्री, बांबूची चटई. वरच्या मजल्यावर स्लॅब तापत असेल तर गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग द्या. एसी 24 वर ठेवा. एका अंशामागे साधारण 6 टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. गरजेपेक्षा मोठा एसीही नको. खोली लवकर गार होऊन तो थांबतो, आणि आपल्या पावसाळ्यातला दमटपणा तसाच राहतो.

प्लगमध्ये खोचायचा ‘वीज वाचवणारा’ डबा घेऊ नका. आत छोटासा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज क्षणभर साठवणारा भाग, असतो. मीटर युनिट मोजतो, ते त्यानं घटत नाहीत. कपॅसिटरची खरी गरज गिरणीच्या किंवा पंपाच्या मोटरला असते, आणि तोही मोटरच्या मापाचा, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून.

दिव्यांचं गणित सरळ आहे. जुनी ट्यूब चोकसह 50 वॅटच्या वर जाते, एलईडी 20 मध्ये भागते.

कुंदा-मिठाईच्या दुकानांत शोकेस फ्रीज भिंतीला चिकटवू नका, हवा खेळू द्या. दाराच्या रबरात कागद धरून ओढा. सहज निघाला तर रबर बदला. मागच्या जाळीवरची धूळ महिन्यातून एकदा ब्रशनं काढा, आधी प्लग काढून.